अफझलगंजात भेटलेली माय

त्या उन्हाळ्यात मी प्रार्थनेला बसायचे, डोळे मिटायचे आणि काहीच बोलायचे नाही. शेजारी माझा नवरा, आशिष, गुडघ्यांवर असायचा. त्याचे ओठ हलत असायचे, मध्येच त्याचा हात माझ्या हातावर यायचा. त्याला वाटायचं, आम्ही दोघं एकच गोष्ट मागतो आहोत. मी काही मागतच नव्हते. मागितलं तर देव देईल, आणि जे देईल ते मला पेलणार नाही, अशी एक धास्ती मनात घर करून होती.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका बरेच दिवस मागे लागल्या आहेत की एकदा साक्ष दे, काय घडलं ते नीट सांग. पण उभं राहून बोलायला गेलं की मला रडू येतं, मग सगळ्या मिळून रडतात आणि गोष्ट तिथेच राहते. म्हणून लिहून काढते आहे.

आम्ही हैदराबादचे मराठी. आजोबांच्या वेळी घराणं जालन्याकडून इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, गल्लीत उर्दू, दुकानात तेलुगू, आणि रविवारी उपासनेत पुन्हा मराठी. घर बरकतपुऱ्यात. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. आशिष फिजिओथेरपिस्ट आहे; अपघातात पाय गेलेल्यांना, अर्धांगवायू झालेल्यांना तो पुन्हा उभं करतो. आम्हाला मूल नाही. दोनदा आशा लागली, दोनदा मावळली. त्याबद्दल इथे एवढंच.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एक डॉक्टर बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. युगांडातल्या एका निर्वासितांच्या वसाहतीत त्या काम करत होत्या. सुदानमधून, आसपासच्या देशांमधून लोक लढाईला कंटाळून, जीव मुठीत धरून, चालत चालत तिथे येतात, असं त्यांनी सांगितलं. औषधं कशीबशी मिळतात, पण ज्यांचे पाय गेले त्यांना चालायला शिकवणारं कुणी नाही, म्हणाल्या. एवढंच वाक्य. घरी येताना आशिषने काचीगुड्याच्या चौकात स्कूटर कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि डोळे पुसले. "मला दुसरं काही येत नाही गं," तो म्हणाला. "चालायला शिकवणं तेवढं येतं." मी मागे बसूनच म्हणाले, "मग जाऊ या." तेव्हा ते म्हणणं सोपं होतं. मम्मी होती, पप्पा धडधाकट होते, माझा धाकटा भाऊ पुण्याला नुकताच नोकरीला लागला होता. कुणाचं काही अडत नव्हतं.

तयारी सुरू झाली. आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेने दोघांच्या तपासण्या केल्या, सुदानमधून आलेल्यांशी बोलता यावं म्हणून आठवड्यातून दोनदा फोनवर अरबीचा वर्ग लावून दिला. आशिषने तर घरातच वसाहत वसवली. कमी पाण्यात, कमी सामानात राहायची सवय हवी म्हणून तो जमिनीवर चटई टाकून झोपू लागला. गॅस असताना कुठूनतरी एक रॉकेलचा स्टोव्ह पैदा केला आणि त्यावर सकाळचा चहा करू लागला. सगळ्या घराला रॉकेलचा वास. मी चिडायचे, आणि मग हसू यायचं. चाळिशीकडे झुकलेला माणूस, पण त्या स्टोव्हला पंप मारताना त्याच्या तोंडावर सहलीला निघालेल्या पोराचा आनंद असायचा.

मग मम्मी गेली. आठ-दहा दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आणि पप्पा आमच्याकडे राहायला आले.

पप्पा जन्मभर जामबागेतल्या शाळेत गणित शिकवत होते. तीन भाषांमध्ये फळ्यासमोर उभे राहायचे. तेलुगू पोराला तेलुगूत, मुसलमान पोराला उर्दूत, आमच्यासारख्यांना मराठीत. मम्मी असेपर्यंत तिने त्यांचं विसरणं झाकून ठेवलं होतं, हे आम्हाला ती गेल्यावर कळलं. आधी त्यांची तेलुगू गेली. भाजीवाली काही विचारायची आणि ते नुसते बघत राहायचे. मग उर्दू गेली. प्रवासातून घरी आलेला माणूस दाराशीच एकेक सामान उतरवून ठेवतो, तशी त्यांनी एकेक भाषा उतरवून ठेवली. उरली ती मराठी, आणि तीही शाळेतली नव्हे, लहानपणीची, गावाकडची. मला ते मुलगी म्हणून ओळखेनासे झाले. घरात एक नर्सबाई आहे आणि ती चांगली आहे, एवढं त्यांनी मान्य केलं होतं. आशिषला चटईवर झोपलेला आणि स्टोव्ह पेटवताना पाहून मात्र त्यांना फार बरं वाटायचं. आपण गावी पोचलो असं वाटत असावं.

दुपारी त्यांना भरवताना मी अरबी शब्द घोकायचे. अरबी काही माझ्या डोक्यात शिरत नव्हती. वर्गात दहा शब्द शिकायचे, दुसऱ्या दिवशी दोन उरायचे. म्हणून पोळीचा घास देताना पोळीचं नाव, मीठ दाखवताना मिठाचं नाव, पाण्याचा पेला ओठांशी नेताना, "मोया, पप्पा, मोया." सुदानी लोक पाण्याला मोया म्हणतात. पप्पा समजूतदारपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "पाणी." एकदाही त्यांनी तो शब्द माझ्यामागून उच्चारला नाही. डॉक्टर म्हणालेच होते की नवीन काही आता त्यांच्याकडे टिकणार नाही.

संस्थेला जूनच्या आत शेवटचा होकार हवा होता. पप्पांना ठेवून घेण्याचा विषय काढला की भाऊ फोन आटोपता घ्यायचा. त्याच्या दोन खोल्यांत त्याची अंथरुणाला खिळलेली सासू होती. त्याला मी दोष कुठल्या तोंडाने देऊ? शेवटी मी आणि आशिष पप्पांना घेऊन शहराबाहेरचा एक वृद्धाश्रम बघायला गेलो. जागा चांगली होती, खरं तेच सांगते. स्वच्छ, कडुनिंबाची सावली, मायाळू माणसं. पप्पांनी भेटेल त्याला हात जोडले. आम्ही बोलत असताना ते हळूच बाहेर जाऊन रिक्षात बसले, आणि मी जवळ गेले तेव्हा मला म्हणाले, "बाई, तुमचं घर लई चांगलं हाय. पर आता आमाला जाऊ द्या." परक्यांची सेवा करायला मी समुद्रापार निघाले होते आणि स्वतःच्या बापाला परक्या दारात ठेवायला आले होते. आणि वर प्रार्थनेत डोळे मिटून बसत होते.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी आशिष स्टोव्हला पंप मारत बसला होता तेव्हा मी म्हणाले, "तू जा. मी नाही येत."

त्याने वर पाहिलं नाही. "विचार करून बोलतेस?"

"बोलावणं तुला आलंय, आशिष. मला काही ऐकू आलेलं नाही. कधीच नव्हतं."

"बरं," तो म्हणाला. स्टोव्ह विझवला, चहा तसाच ठेवला आणि दवाखान्यात निघून गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. मी पप्पांना न्याहारी दिली, धुणं पिळलं आणि गच्चीवर वाळत घालायला गेले. रडायला ती जागा बरी होती, खाली पप्पांना दिसलं नसतं. खाली आले तेव्हा दार उघडं होतं आणि पप्पा घरात नव्हते.

पुढचे तास कसे गेले ते मला धड क्रमाने आठवत नाहीत. गल्ली, कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान, बागेतली बाकं. आशिष स्कूटर घेऊन आला. पोलीस चौकीत एका हवालदाराने फार आपुलकीने फोटो मागितला आणि तेलुगूत म्हणाला, अम्मा, घाबरू नका, म्हातारी माणसं लांब जात नाहीत. ऊन मात्र भाजून काढत होतं. मंडळीतली माणसं निरनिराळ्या दिशांना गेली. पप्पा सारखं "गावाकडं जायाचं हाय" म्हणायचे म्हणून आम्ही काचीगुडा स्टेशन धुंडाळलं. मराठवाड्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथूनच सुटतात. एकेका फलाटावर, एकेका बाकाजवळ जाऊन पाहिलं. पांढरा सदरा दिसला की धावायचे आणि दुसऱ्याच कुणाचे तरी वडील असायचे.

शेवटी स्टेशनच्या बाहेर एका कट्ट्यावर मी बसले. आशिष पाणी आणायला गेला. आणि तिथे, रिक्षांच्या गोंगाटात, कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडून खरी प्रार्थना निघाली. तिला प्रार्थना म्हणायचं का तेही मला ठाऊक नाही. मी म्हणाले, "देवा, माझ्या हातात काही राहत नाही. पप्पा तुझे आहेत, आशिष तुझा आहे, तिकडचे ते लोकही तुझेच आहेत. मी धरून धरून थकले. आता तू सांभाळ." कुठला आवाज आला नाही, मनाला शांती वाटली असंही नाही. बाजूचा माणूस मोठ्याने फोनवर भांडत होता. फक्त माझ्या मुठी आवळलेल्या होत्या त्या उघडल्या, एवढं मला आठवतं.

आशिष बाटली घेऊन आला, शेजारी बसला आणि एकदम म्हणाला, "पप्पा गावी रेल्वेने जायचे का गं? ते बसने जायचे ना, कॉलेजात होते तेव्हा? त्यांनीच सांगितलं होतं मला. बस कुठून सुटायची?"

"गौलीगुडा," मी म्हणाले, आणि आम्ही दोघं उठलो.

गौलीगुड्याचा बस स्टँड कधीचा हलला. तिथलं ते जुनं प्रचंड छप्परही पुढे कोसळलं. पण पप्पांच्या हैदराबादेत ते उभं असणार. आम्ही कोठीवरून तिकडे गेलो. त्या जागेच्या आसपास विचारत विचारत, मुसी नदीच्या बाजूने अफझलगंजाकडे आलो. एका पानवाल्याला आशिषने मोबाइलवरचा फोटो दाखवला. "अरे, ये बडे मियाँ?" तो म्हणाला. "दोपहर से बस अड्डा पूछ रे थे. मैं बिठाया, पानी पिलाया, फिर निकल गए. जाके देखो जी, लायब्ररी की सीढियों पे बैठे वे हैं. वो परदेसी अम्मा के साथ."

मोठ्या सरकारी लायब्ररीच्या पायऱ्यांवर सावली आली होती. पप्पा तिथे होते. चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवलेल्या, डोक्यावर ओला रुमाल, आणि मान एका बाईच्या खांद्यावर टेकलेली. बाई उंच, सावळ्याहून काळी, पन्नाशीची असेल. साडीसारखं एक लांब फिकट पिवळं वस्त्र तिने अंगाभोवती आणि डोक्यावरून गुंडाळलं होतं. एका हाताने ती पप्पांना पुठ्ठ्याने वारा घालत होती. पप्पा मराठीत बोलत होते. "माय, औंदा लई ऊन हाय. बैलाला पाणी दावलं का?" आणि ती तिच्या भाषेत, अगदी सावकाश, उत्तर देत होती. दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघांचीही काही तक्रार दिसत नव्हती.

मी "पप्पा" म्हणत धावले. तिने पुठ्ठा खाली ठेवला आणि पप्पांच्या पुढे हात आडवा धरला. "कौन तुम?" आवाज असा की मी जागच्या जागी थांबले.

"बेटी," मी म्हणाले. "मेरे पप्पा हैं."

तिने पप्पांकडे बघून माझ्याकडे बोट दाखवलं. पप्पांनी मला न्याहाळलं आणि म्हणाले, "ही नर्सबाई हाय. चांगली हाय." माझं रडणं आणि हसणं एकदमच आलं. बाईला काय समजणार! ती हात काढेना. मी पायरीवर बसले आणि पप्पांची चप्पल उचलली; पप्पांनी रोजच्यासारखा, लहान मुलासारखा, पाय पुढे केला. ते पाहिल्यावर तिने हात काढला.

तिचं नाव सुआद. सुदानची. मोडक्या उर्दूत आणि थोड्या इंग्रजीत तिने जे सांगितलं ते असं. ती बेगम बाजारात मसाला घ्यायला आली होती. परत जाताना रस्त्यात मागून आवाज आला, "मोया... मोया." "हैदराबाद में मोया कोई नै बोलता," ती म्हणाली. "मैं समझी मेरा हसन बोला."

हसन तिचा नवरा. किडनीच्या उपचारासाठी ती त्याला घेऊन हैदराबादला आली होती. ते इथे असतानाच तिकडे लढाई पेटली, घर गेलं, विमानतळ बंद झाला. हसन इथेच वारला. किडनीच्या रोग्याला पाणी मोजून देतात, हे मी नर्स असल्यामुळे जाणते. शेवटच्या दिवसांत तो मोया, मोया करत राहिला आणि डॉक्टरांनी सांगितल्यामुळे ती देऊ शकली नाही. ओठ ओले करायची, तेवढंच. आणि त्या शनिवारी, अफझलगंजच्या भर बाजारात, तिच्या पाठीमागे एका म्हाताऱ्या माणसाने तिच्या भाषेत पाणी मागितलं. "इस को मना नै था," सुआद म्हणाली आणि तिचे डोळे वाहू लागले. "मैं पूरी बोतल दी. पूरी पिया." मग ती त्यांना सोडून जाऊ शकली नाही. हा माणूस कुणाचा आहे ते कळेना, म्हणून लायब्ररीच्या सावलीत घेऊन बसली. कुणीतरी शोधत येईल, म्हणाली. नाही आलं तर ती त्यांना आपल्या घरी नेणार होती.

पानवाल्याने पप्पांना पाणी दिलंच होतं. दोष कुणाचाच नव्हता. पाणी म्हणाले असते तरी कुणीही दिलं असतं. पण पाणी म्हणाले असते तर सुआद वळली नसती. जो शब्द मी रोज घोकला आणि पप्पांनी एकदाही उच्चारला नाही, तो त्या एका दुपारी, त्या एका बाईच्या पाठीमागे त्यांच्या तोंडून कसा आला? त्यानंतरही ते कधी तो म्हणाले नाहीत. पुन्हा पाणीच. मी याचा उलगडा कुणाला विचारायला गेले नाही. कुणी सांगितला तर ऐकून घेईन. पण त्या पायऱ्यांवर माझे हात आपोआप जोडले गेले, एवढं खरं.

पप्पा तिचा हात सोडेनात, म्हणून सुआदही आमच्याबरोबर रिक्षात बसून घरी आली. डोक्यावरून घेतलेल्या त्या पदरामुळे त्यांना ती त्यांची आई वाटत होती. पप्पांच्या पायांना फोड आले होते. आशिषने घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि जमिनीवर बसून त्यांचे पाय धुतले. तसाच खाली मान घालून मला म्हणाला, "बोलावणं मला आलं, ते खोटं नाही. पण तुला ओढत न्यायला ते आलेलं नाही. आज सकाळपासून मी ते देवाच्या पायाशी ठेवलंय. परत द्यायचं असेल तर देईल." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही संस्थेला कळवलं की आत्ता येऊ शकत नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी दिली. रांचीकडचं एक जोडपं गेलं. त्या दिवशी आशिषने स्टोव्ह पुसून माळ्यावर ठेवला. त्याला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. अर्पण करणं म्हणजे आनंदाने देऊन टाकणं असं आपण भक्तिगीतांत म्हणतो. त्या संध्याकाळी माळ्याच्या शिडीवर तो बराच वेळ नुसताच उभा होता.

सुआद मात्र येत राहिली. ती टोळीचौकीला एका खोलीत राहत होती. सुदानात उमदुरमान शहरात ती शाळेत शिक्षिका होती; तिच्या दोन मुली नातवंडांसह शेजारच्या चाड देशात तंबूत होत्या. आम्हाला जायचं होतं ती वसाहत युगांडातली. दोन्ही एकच निघाल्या असत्या तर गोष्ट अधिक गोड झाली असती, पण तसं नव्हतं. शुक्रवारी नमाज झाली की ती बस धरून यायची आणि संध्याकाळपर्यंत पप्पांजवळ बसायची. मला ती "बिंती" म्हणायची, म्हणजे माझी मुलगी. मी कांदा चिरत असले की कांद्याबद्दल बोलायची, भात वैरत असले की भाताबद्दल. धडा असा कधी दिलाच नाही. संध्याकाळच्या नमाजाला ती आतल्या खोलीत चटई पसरायची. पप्पा दाराशी खुर्चीत हात जोडून बसायचे, आणि तिने मान वळवून सलाम पुरा केला की गंभीरपणे म्हणायचे, "आमेन." पहिल्यांदा आम्ही संकोचलो. सुआद इतकी हसली की तिला चटईवरच बसून राहावं लागलं.

पुढच्या वर्षी नाताळाच्या आधी, आम्ही दारावर चांदणी लावली त्याच आठवड्यात, एका सकाळी पप्पा गेले. आदल्या दिवशी त्यांना धाप लागली होती म्हणून सुआद मुक्कामाला थांबली होती. चहा झाला होता, अंघोळीचं पाणी तापत होतं. त्यांचा एक हात तिच्या हातात होता. "माय, आलो," ते म्हणाले, जणू कुणी अंगणातून हाक मारली होती. मग श्वास लांबत गेला. मी नर्स आहे, पुष्कळ मृत्यू पाहिले आहेत. इतका निर्धास्त मृत्यू मी पाहिला नव्हता. आमच्या मोठ्या दुःखातला तो केवढा दिलासा!

नारायणगुड्याच्या दफनभूमीत सुआद आमच्या बायकांबरोबर पांढऱ्या वस्त्रात उभी होती. माती दिली, गीत झालं, लोक पांगले. ती तिथेच उभी राहिली. मग आशिषला म्हणाली की हसनची कबर मी पाहिलेलीच नाही. तो गेला तेव्हा ओळखीच्या पुरुषांनी नेऊन पुरला होता. ती रिवाजाप्रमाणे खोलीतच बसून होती. नंतर ती माणसं इकडेतिकडे गेली आणि तिला नेणारं कुणी उरलं नाही.

आशिष दोन-तीन मशिदींत जाऊन चौकशी करून आला. एका कब्रस्तानाच्या राखणदाराला परदेशी माणसाचं दफन आठवत होतं. पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. राखणदार फार भला माणूस. तो पुढे चालत राहिला, एका कडुलिंबापाशी थांबला, म्हणाला, "ये है अम्मा," आणि लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला. मातीचा एक उंचवटा, वर गवत. सुआद त्याच्याजवळ बसली, वस्त्र सावरलं आणि बोलू लागली. रडली नाही. संध्याकाळी घरी आलेल्या नवऱ्याशी बायको बोलते तसं. मोठीच्या बाळाला दात आले. धाकटी वेगळ्या तंबूत राहायला गेली. मी रक्तदाबाची गोळी रोज घेते. आज जेवून आले आहे, काळजी करू नकोस. इथे माझी माणसं आहेत.

बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं की ती अरबीत बोलत होती आणि मला सगळं समजत होतं. मनातल्या मनात मराठी करावी लागत नव्हती. मी आशिषकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. तो हळूच म्हणाला, "तुलाही?" मी मान डोलावली. त्याने एवढंच विचारलं, आणि आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की तो फक्त भाषेबद्दल नाही, त्या बोलावण्याबद्दलही विचारत होता.

संस्थेचा फोन त्यानंतर आला. आम्ही केला नव्हता. रांचीच्या जोडप्याला घरच्या आजारपणामुळे परतावं लागत होतं. अजून मनात आहे का, असं त्यांनी विचारलं. या खेपेला आशिषने फोन माझ्या हातात दिला. मी हो म्हणाले. ईस्टर झाला की आम्ही निघतो आहोत.

आता मागे पाहताना वाटतं, मी देवाकडे हो की नाही, एवढंच मागायला हवं होतं असं समजत होते. त्याने दोन्ही दिलं नाही. त्याने आमच्या घरी एक माणूस आणून बसवलं आणि आम्हाला वाट पाहायला लावली. ज्यांना सांभाळायला आम्ही निघालो होतो त्यांच्यातल्याच एकीने आमच्या बापाला सांभाळलं. तिकडे जाऊन आम्ही फार काही करू, अशी माझी आता समजूत नाही. आशिष चालायला शिकवेल, मी मुलांना लस टोचेन, जखमा बांधेन. बाकीचा वेळ त्यांच्याजवळ बसू. ज्याने आम्हाला एवढं दिलं त्याचे उपकार यातून फिटणार नाहीत, पण फेडायचे आहेत असं त्याने कधी म्हटलेलं नाही.

सुआद विमानतळावर येणार नाही. मुलींचा निरोप तिने विमानतळावर, महिनाभरात येते असं सांगून घेतला होता. तिथे पुन्हा उभं राहणं तिला जमणार नाही. आमच्या मंडळीतल्या दोघी शुक्रवारी तिच्याकडे जाऊ लागल्या आहेत. परवा त्यांनी मला सांगितलं, टोळीचौकीच्या तिच्या गल्लीत कुणी विचारलं तर सुआद म्हणते, माझी एक मुलगी इथेही आहे, बरकतपुऱ्याला. आता ती परदेशी चालली आहे कामाला. काळजी वाटते, पण जावई बरोबर आहे.